अंबरनाथची एक रात्र



कल्याणहून कर्जतच्या वाटेला लागले की अंबरनाथ येते. तेथे वालधुनी नदीच्या काठी शिवाचे प्राचीन राऊळ उभे आहे. शिवाच्या देवळात वारकऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. अहो, आपला पांडुरंगच मस्तकी शिवलिंग धारण करून उभा आहे! तेव्हा हेही घर आपलेच.

या राऊळाची गोष्ट गावचे म्हातारेकोतारे सांगतात ती अशी. वनवासात पांडव इकडे आले. एका रात्रीत देऊळ बांधायचे असा त्यांनी पण केला. काम शेवटास आले आणि तोच उजाडले. शिखर राहून गेले. म्हणूनच म्हणे गाभारा वरून उघडा! मंडपातून पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे आणि मान वर करून पाहावे, तो आभाळच दिसते.

देवळातला शिलालेख मात्र वेगळे सांगतो. त्यात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल असून शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. माउलींची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे हे राऊळ तिच्याहून २३० वर्षांनी जुने. लोक याला हेमाडपंती म्हणतात खरे, पण हेमाडपंतही पुढे दोन शतकांनी झाले.

मग म्हाताऱ्यांची गोष्ट खोटी काय? आम्ही म्हणतो, साल लेखाला विचारावे आणि भाव गोष्टीला विचारावा. भिंतीभिंतीवरचे ते कोरीव काम पाहून लोकांना वाटले, हे माणसाचे काम नव्हे. पण काम माणसांचेच! काळ्या पाषाणावर ज्यांनी हात झिजवले, त्या पाथरवटांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. ज्याचे काम राहते आणि नाव गळते, त्याची सेवा देवाला पोचली असे समजावे.

आता गोष्टीतले वर्म पाहा. पाठीशी श्रीकृष्ण असूनही पांडवांसाठी पहाट थांबली नाही. आपला नरदेह म्हणजे तरी काय, एक रात्रच. शिखर नाही म्हणून देवाचे अडत नाही. अंबराचा नाथ तो, आभाळच त्याचे छत्र. पण महाशिवरात्रीला आपण पिंडीवर दूध-बेल वाहतो, आणि शेजारच्या वालधुनीत वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी अन् कारखान्यांचे रसायन मिसळत आले आहे. याचा दोष पहाटेवर कसा घालावा, बाबा?

म्हणून जत्रेला जाल तेव्हा निर्माल्य आणि प्लॅस्टिक पात्रात टाकू नका, दुसऱ्यालाही हात जोडून थांबवा. नदीत मैला येतो तेथे गावाने एकमुखाने नगरपालिकेच्या दारी जावे. चंद्रभागेला माय म्हणणाऱ्याने वालधुनीला परकी म्हणू नये.

देऊळ एका रात्रीत झाले नाही, नदीही एका रात्रीत निर्मळ होणार नाही. हे काम नित्यनेमाचे आहे, आणि नित्यनेम तर वारकऱ्याच्या अंगचाच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!