नायकाचा अधिकार

दुसऱ्याने कष्ट सोसावेत असे म्हणण्याचा अधिकार नायकाला कोठून येतो? कचेरीत हा प्रश्न रोज उपस्थित होतो, परंतु हुकमाच्या कागदाखाली तो झाकला जातो. खेळाच्या मैदानावर असा कागद नसतो. म्हणून तेथीलच एक उदाहरण घेतो.

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय फुटबॉल संघाचे मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळचा पेशा शिक्षकाचा. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीतील जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. उपान्त्य सामन्यात रहीम यांनी त्यांना पुन्हा उतरविले. मात्र बचावात नव्हे, आघाडीला. तेथे त्यांनी गोल केला, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत २-१ असा जिंकला. रहीम तेव्हा स्वतः आजारी होते. १९६३ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ही कथा सांगताना आपण सुवर्णपदकापाशी थांबतो. पण टाके उसवले असते तर? खेळाडू राजी असतो, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. गुरुस्थानी असलेल्या माणसाने ‘उतरशील ना?’ असे विचारल्यावर नाही म्हणण्याचे बळ कितीजणांच्या अंगी असते? नायक स्वतःही देह झिजवीत होता, हे उत्तर तर त्याहून लंगडे. रात्री आठपर्यंत बसणारा साहेब तेवढ्यावरून हाताखालच्यांची संध्याकाळही आपलीच समजू लागतो, याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. स्वतःच्या त्यागाने दुसऱ्याच्या त्यागाचे कुलमुखत्यारपत्र मिळत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती जागेची अदलाबदल. बचावातल्या खेळाडूला येईल तो चेंडू अडवावाच लागतो. आघाडीवाल्याला थोडीफार निवड असते. घायाळ माणूस पाहून डाव बेतला गेला. कचेरीत बहुधा उलट घडते. आजारातून उठून आलेल्या कारकुनापुढे फायलींची तीच चळत आणि तीच मुदत ठेवली जाते, आणि वर त्याला विश्वास असे गोंडस नाव मिळते.

तथापि माझी शंका पुरती फिटत नाही. आघाडीलाही चेंडू डोक्यावर घ्यावा लागतोच. एकाच्या जखमेचा धोका अकरांच्या यशाशी तोलायचा, तर तराजू कोणाच्या हाती असावा? मी जखमीच्याच हाती म्हणेन. परंतु त्याला नकार देता येईल अशी सोय नायकाने स्पर्धेच्या कितीतरी आधी करून ठेवलेली असली तरच. ती आहे की नाही, हे मागाहून कळते : नकार दिलेल्या खेळाडूला पुढच्या संघात जागा मिळते का, आणि रजा मागितलेल्या कारकुनाच्या वार्षिक अहवालात काय लिहिले जाते, यावरून.