गरजवंताला अक्कल असते

१५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरात हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा ज्वालामुखी फुटला. टोंगा हा जेमतेम लाखभर वस्तीचा देश. त्सुनामी आली, बेटं राखेने माखली आणि फिजीहून येणारी समुद्राखालची एकुलती एक केबल तुटली. परदेशातले टोंगन लोक घरच्यांची खुशाली कळावी म्हणून दिवसच्या दिवस फोनकडे बघत बसले. मुख्य बेटावर इंटरनेट धड सुरू व्हायला पाच आठवडे लागले.

पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. तिथे बरेच लोक छपरावर पडणारं पावसाचं पाणी साठवून पितात, आणि छपरांवर तर राख होती. न्यूझीलंडच्या नौदलाचं 'आओटेआरोआ' हे जहाज आठवड्याभरात अडीच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचलं. समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रणाही त्यावर होती, दिवसाला सत्तर हजार लिटरची. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जपान यांची जहाजं आली, फेब्रुवारीच्या मध्यावर चीनचीही आली. ही सगळी नौदलांची जहाजं.

मला प्रश्न पडतो तो इथे. याच समुद्रात ही नौदलं एकमेकांवर डोळा ठेवून असतात. कुणाला कुठलं बंदर वापरायला मिळेल, कुठे धावपट्टी होईल, याचे हिशेब चालू असतात. ज्वालामुखीनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल २०२२मध्ये, सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला आणि ऑस्ट्रेलिया-अमेरिकेची झोप उडाली. अशा ठिकाणी युद्धनौकेतून येणारं पाणी हे नुसतं पाणी असतं का?

दोन उत्तरं चटकन सुचतात. एक : तहानलेल्याला पाण्याशी मतलब, झेंड्याशी नाही. दुसरं : हे सगळं राजकारण आहे, मदत म्हणजे फक्त दाखवायचे दात. मला दोन्ही अर्धवट वाटतात. हेतूत स्वार्थ मिसळला म्हणून पाणी गढूळ होत नाही. ते प्यायलेलं मूल जगतंच. शुद्ध हेतूची वाट बघत बसलो तर जगातली निम्मी मदत बंद पडेल. पण 'पाणी मिळालं ना, मग गप्प बसा' हेही मान्य होत नाही, आणि त्याचं कारण याच महासागरात आहे.

१९४६मध्ये अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्याने मार्शल बेटांमधल्या बिकिनीच्या १६७ रहिवाशांना बेट सोडायला सांगितलं. तात्पुरतं, आणि मानवजातीच्या भल्यासाठी. १९५८पर्यंत मार्शल बेटांमध्ये ६७ अणुचाचण्या झाल्या. त्यांतली सर्वांत मोठी, 'कॅसल ब्राव्हो', १ मार्च १९५४ची. हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. शेजारच्या राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली. पोरं तिच्यात खेळली. दोनेक दिवसांनी त्यांना वाचवायला जहाज आलं ते अमेरिकी नौदलाचंच. त्यांच्यावर उपचार झाले, आणि त्याच वेळी किरणोत्सर्गाचा माणसावर काय परिणाम होतो याचा अभ्यासही झाला, त्यांची संमती न घेता. १९५७मध्ये बेट सुरक्षित आहे म्हणून त्यांना परत पाठवलं. १९८५मध्ये आजारांना कंटाळून ते स्वतःच बेट सोडून गेले. तेव्हा त्यांना न्यायला ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' हे जहाज आलं होतं.

राँगेलापच्या लोकांना मदत मिळाली नाही असं म्हणता येत नाही. जहाज आलं, डॉक्टर आले. पण त्यांना काय झालंय हे विचारायचा, नको म्हणायचा, अटी घालायचा अधिकार कुणी दिला नाही. म्हणून मला वाटतं, मदतीची नैतिक कसोटी देणाऱ्याच्या मनात शोधू नये. तिथलं खरं काय ते कधीच दिसत नाही. कसोटी घेणाऱ्याकडे आहे : मदत घेतल्यावरही त्याला 'नाही' म्हणता येतं का?

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : मिंधा. उपकार घेतलेला प्रत्येकजण मिंधा नसतो. तोंड उघडायची चोरी झाली की माणूस मिंधा होतो.

टोंगा मिंधा झाला नाही. तेव्हा कोविड तिथे जवळजवळ शिरलाच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या 'ॲडलेड' जहाजावर २३ जण पॉझिटिव्ह निघाले. टोंगाने जहाज परत पाठवलं नाही आणि हात जोडून सगळं स्वीकारलंही नाही. माल धक्क्यावर उतरवा, कुणाशी संपर्क नको, सामान काही काळ तसंच पडून राहील, मग आम्ही उचलू, असा नियम ठेवला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंदरावरचे दोन कामगार पॉझिटिव्ह आढळले आणि टाळेबंदी लागली. ते अमुक जहाजामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तिथे किती किंमत असू शकते, हे त्या सरकारला आधीच कळत होतं. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण बहुधा सावकाराने पसरवली असावी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जहाजं, हेलिकॉप्टर, पाण्याची यंत्रणा फक्त नौदलांकडेच असेल तर 'नाही' म्हणायला खरंच किती वाव उरतो? फार थोडा. पण पैसा तिकडेच का जातो, हा निवडीचा प्रश्न आहे. २०१८च्या बोए जाहीरनाम्यात पॅसिफिकच्या देशांनी सांगितलं की त्यांच्या जगण्याला सर्वांत मोठा धोका हवामानबदलाचा आहे. तो धोका उंबऱ्यावर असताना मोठे देश तिथे सुरक्षेच्या नावाने एकमेकांचीच गणितं मांडत असतील, तर अडचणीच्या दिवशी युद्धनौकेशिवाय पर्याय न उरणं यात त्यांचाही हात आहे. पर्याय काढून घ्यायचा आणि मग पाणी द्यायचं, याला निव्वळ औदार्य म्हणवत नाही.

आणि एक गोष्ट बातम्यांत मागे पडली. मदतीची विमानं टोंगाच्या फुआमोटु विमानतळावर उतरू शकली, कारण त्याआधी टोंगन लोकांनी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन कित्येक दिवस धावपट्टीवरची राख हाताने उचलली होती. पहिलं विमान उतरलं २० जानेवारीला, पण मदतकार्य त्याआधीच सुरू झालं होतं.