केसांचा दासोह



मागील अंकात आपण अक्कमहादेवींच्या चरित्रात कल्याणच्या वेशीपर्यंत आलो होतो. या अंकी अनुभवमंटपातील अल्लमप्रभू व अक्का यांच्या संवादाचे निरूपण करावयाचे ठरले होते. ते करणारच आहोत. परंतु या खेपेस त्या संवादाचे मर्म आम्हांस पोथीपुढे बसून उमगले नाही. ते हैदराबादच्या सुलतान बाजारात एका मातेच्या प्रश्नाने उमगले. म्हणून वाट थोडी वळणाची होईल, ती आपण गोड मानून घ्यावी.

सुलतान बाजार हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या घरी परिचयाचे आहे. इंग्रज रेसिडेंटच्या कोठीलगतचा हा रेसिडेन्सी बाजार १९३३ साली निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. जवळच विवेकवर्धिनी ही १९०७ सालची मराठी शाळा. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे उदगीर, निलंगा, भालकीकडील माणसे शिक्षणाला, नोकरीला, व्यापाराला येथे आली व स्थायिक झाली. २०२० सालापासून तेथे मेट्रोचे स्टेशनही झाले आहे. आजही गावाकडून कोणी दुखणेकरी आला की तो प्रथम या गल्ल्यांतील नातलगाचे दार ठोठावतो. रेड हिल्सचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ पासूनचे, बंजारा हिल्सचे बसवतारकम रुग्णालय २००० सालापासूनचे. या दोन्हींकडे जाणारे कितीतरी रुग्ण अशा घरांत महिना-महिना राहतात. त्यांना जेवू घालणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या गृहिणी दासोहच करीत असतात. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. असो.

गेल्या श्रावणात अशाच एका भक्ताच्या घरी आमचे पाच दिवसांचे प्रवचन होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, आतल्या खोलीच्या दाराआड एक माता पदर कपाळापर्यंत ओढून बसते व प्रसाद वाटण्यापूर्वीच उठून जाते. चौकशी केली तेव्हा तिची सून पुढे आली. म्हणाली, "अप्पाजी, आत्याबाईंना स्तनाचा कर्करोग आहे. औषधाने सगळे केस गेले. मधे चार दिवस गावी गेलो होतो, तर पाणंदीत एका बाईने विचारलं, 'मालक कधी गेले?' मामंजी धडधाकट आहेत, अप्पाजी! तेव्हापासून आत्याबाई माणसांत येत नाहीत. कोणीतरी केसांचा टोप मिळवून दिला, तो पेटीत पडून आहे. एक नातेवाईक म्हणाल्या, कुणाकुणाच्या कापलेल्या केसांचा टोप डोक्यावर घेऊन लिंगपूजा चालत नाही."

आम्ही त्या मातेला बोलावून घेतले आणि मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणालो, "माई, हे शरीरच नश्वर आहे. गेलेल्या केसांचा शोक कशाला? शरणांनी देहाचा मोह टाकला होता." तिने आमच्याकडे पाहिले, मान हलविली, आणि पदर आणखी एक बोट खाली ओढून ती आत गेली.

रात्री झोप लागेना. आमचे डोके गेली तीस वर्षे मुंडित आहे. आम्हांस रस्त्यात कोणी काही विचारीत नाही. उलट लोक वाकून नमस्कार करतात. तेच मुंडित मस्तक तिच्या खांद्यांवर आले तर तिला जिवंत पतीची विधवा ठरविले जाते. आमचे वैराग्य आम्हांस मान देते, तिचे आजारपण तिचा मान घेते. हा भेद न पाहता आम्ही तिला नश्वरतेचा पाठ दिला. अशा वेळी मनुष्य पोथी उघडतो, तशी आम्ही उघडली, आणि उघडली तीच मुळी अक्का व प्रभुदेवांच्या प्रसंगावर. कारण दुसऱ्या दिवशीचे निरूपण तेच होते.

प्रसंग आपणांस ठाऊक आहे. कौशिक राजाचे वैभव, अलंकार, वस्त्रेसुद्धा त्यागून अक्का चालत कल्याणला आल्या. अंगावर आच्छादन एकच, स्वतःचे मोकळे केस. 'शून्यसंपादने' या ग्रंथात प्रभुदेव त्यांची कठोर परीक्षा घेतात. सर्व सोडलेस, लाजही सोडलीस, मग केसांनी देह का झाकतेस, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय. अक्कांच्या उत्तराचा आशय असा की, हे झाकणे माझ्याकरिता नाही. पाहणाऱ्याच्या मनात विकार उठू नये, त्याला पीडा होऊ नये, याकरिता आहे.

इतकी वर्षे आम्ही हे उत्तर अक्कांच्या वैराग्याचे शिखर म्हणून सांगत आलो. त्या रात्री त्यातील दुसरी बाजू दिसली. ज्यांच्या इतके देहभान कोणी सोडले नाही, त्या अक्कांनीही केसांचे आच्छादन ठेवले. आणि ते ठेवण्याचे कारण आपल्या देहात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, हे त्यांनी भर सभेत सांगितले. प्रभुदेवांनी ते मान्य केले. मग पाणंदीतल्या बाईच्या दृष्टीपासून स्वतःला झाकू पाहणाऱ्या या मातेला मोही म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मातेची सर्वांदेखत क्षमा मागितली. नंतर टोपाच्या शंकेचे उत्तर दिले. ते येथेही सविस्तर देतो, कारण तीच शंका आणखी दोन गावांहून पत्राने आली आहे.

कापलेला केस अपवित्र, हे मत आपले नव्हे. शरणांनी पाच सूतके नाकारली : जननसूतक, मरणसूतक, रजःसूतक, उच्छिष्टसूतक आणि जातिसूतक. इष्टलिंग ज्याच्या अंगावर आहे त्याला विटाळ नाही, ही आपली धारणा. प्रसूतीने बाटत नाही, मृत्यूने बाटत नाही, ते लिंग मूठभर केसांनी बाटेल काय? आणखी एक पाहा. एका टोपाला अनेक जणींचे केस लागतात. त्यांत कोण कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे टोप विणणाऱ्यालाही सांगता येणार नाही. सगळ्यांचे केस एकत्र धुतले जातात, एका जाळीवर बसतात. जातिसूतक मोडण्यासाठी बाराव्या शतकात कल्याणात केवढे रण माजले! येथे ते एखाद्या कारागिराच्या हातून मुकाट्याने मोडले जात आहे. असा टोप घालून लिंगपूजा करावी की काढून करावी, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे. उकाड्याच्या दिवसांत काढून ठेवला तरी काही बिघडत नाही.

आता केस जातात का, हेही समजून घ्यावे, म्हणजे पाप, शाप, मागील जन्म असली कारणे कोणी चिकटवणार नाही. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात. केमोथेरपीची बरीच औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच भराभर वाढणाऱ्या, म्हणून रोगाबरोबर त्याही सापडतात. पहिल्या सलाईननंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर दिसू लागतात. प्रत्येक औषधाने असे होते असे नाही. बहुतेकांचे केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येऊ लागतात; पहिल्यांदा मऊ, कधी कुरळे. म्हणजे टोपाची गरज बहुधा काही महिन्यांची, फार तर वर्ष-दीड वर्षाची असते. परंतु लग्नकार्य, नोकरी, मुलाच्या शाळेतील सभा या गोष्टी त्या काळातही थांबत नाहीत.

हा टोप येतो कोठून? बाजारात नैसर्गिक केसांचा चांगला टोप हजारो रुपयांना मिळतो, औषधांचा खर्च करून थकलेल्या घराला तो परवडत नाही. म्हणून काही संस्था लोकांकडून केस घेऊन टोप करवितात व गरजूंना विनामूल्य देतात. मुंबईतील 'कोप विथ कॅन्सर' ही त्यांतील एक. परदेशात ही रीत त्याआधीची. अमेरिकेत 'लॉक्स ऑफ लव्ह' ही संस्था १९९७ पासून केस गेलेल्या मुलांसाठी हे करते. २०१९ साली केरळात त्रिशूर जिल्ह्यातील अपर्णा लवकुमार या महिला पोलिसाने आपले सगळे लांब केस कर्करुग्णांसाठी उतरवून दिले, तेव्हा ती गोष्ट देशभर पोहोचली. गणवेश घालून उघड्या डोक्याने ती कामावर उभी राहिली, हे आम्हांस विशेष वाटते.

येथे 'केशदान' हा शब्द रूढ झाला आहे. आम्ही मात्र त्यास दासोह म्हणू. दानात देणारा वर उभा असतो, घेणाऱ्याचा हात खाली. दासोहात देणारा दास असतो, आणि दासाला आपल्या सोयीने देता येत नाही. घेणाऱ्याला जसे लागते तसे द्यावे लागते. आपण जंगमाला शिळे वाढतो काय? मग सलूनच्या फरशीवरून झाडून आणलेले केस पिशवीत भरून पाठविणे हा दासोह कसा होईल? आमच्या एका उत्साही भक्तमंडळाने नेमके हेच केले होते. पिशवी परत आली आणि मंडळी रुसली.

कारण ऐकले म्हणजे राग जाईल. केसाच्या पृष्ठावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म पदर असतात, त्यांची तोंडे मुळाकडून टोकाकडे. काही केस सुलटे, काही उलटे मिसळले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि टोपाच्या जटा होतात. म्हणून केस कापण्यापूर्वीच वेणी घालावी किंवा झुबका करून दोन्ही बाजूंना घट्ट बांधावे, बांधलेल्या जागेच्या वर कात्री लावावी, म्हणजे सगळी मुळे एका बाजूला राहतात. केस धुतलेले, तेल नसलेले व पूर्ण कोरडे हवेत, ओलसर राहिले तर बुरशी धरते. लांबी पुष्कळ ठिकाणी बारा इंच मागतात. कारण विंचरताना आखूड केस गळून जातात आणि जाळीवर गाठ मारताना केस दुमडावा लागतो. रंगविलेल्या केसांविषयी प्रत्येक संस्थेचा नियम निराळा, तो आधी विचारून घ्यावा. पुढे कारागीर बारीक आकड्याने एकेक, दोन-दोन केस जाळीत ओवून गाठी मारतो. एका टोपाला कित्येक दिवस लागतात. हे कायक पाहण्याचा योग आला तर अवश्य पाहावे. आपल्या आज्या गंगावन लावीत, त्यापेक्षा हे काम कितीतरी नाजूक.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. बारा इंच म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ. कोणी आपली दोन-अडीच वर्षांची वाढ कापून देते, तेव्हा तिच्या निगेचा, नहाण्याचा, विंचरण्याचा तेवढा काळ त्यात असतो. तिरुमलेच्या डोंगरावर लाखो भाविक केस अर्पण करतात. देवस्थान त्यांचा लिलाव करते, तो केस व्यापारात जातो. भाविकांच्या श्रद्धेला आम्ही उणे म्हणत नाही. शरणांनी मात्र चालताबोलता जंगम हाच देव मानला, म्हणून आपल्या घरची वेणी कोणाच्या डोक्यावर जावी हे आपणांस ठरविणे सोपे आहे.

परंतु एक सावधगिरी. ही गोष्ट प्रवचनात सांगताच एका गृहस्थाने उभे राहून जाहीर केले, "अप्पाजी, आमच्या घरातील तिन्ही सुना देतील!" सुना मागे बसल्या होत्या. त्यांना विचारले नव्हते. आम्ही त्यांना खाली बसविले. स्त्रीच्या केसांवर इतरांनी हक्क सांगण्याचा इतिहास महाराष्ट्रात फार दुःखद आहे. विधवांचे केस बळजबरीने उतरविले जात. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आम्ही ते काम करणार नाही असे ठरविले, तेव्हा वस्तऱ्यालाच दया आली असे म्हणावे लागले. रूढीने घेतलेले केस आणि पुण्याच्या हिशेबाने सासऱ्याने देऊ केलेले केस यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. पुरुषांनीही केस वाढवून द्यावेत, त्याला कोणाची हरकत आहे? त्या गृहस्थांना आम्ही हे सुचविले, तेव्हा ते हसून खाली बसले.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. वेणी कमरेपर्यंत नाही, पण बरी लांब. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अप्पाजी, मला द्यायचे आहेत." तिची आई कळवळली : दिवाळीनंतर मुलगी पाहायला येणार आहेत, आखूड केस पाहून काय म्हणतील? दोघींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही दे असे म्हटले नाही, देऊ नको असेही म्हटले नाही. आईची काळजी खोटी नव्हती. ती ज्या समाजात मुलगी देणार आहे तो समाज आम्हीही घडविला आहे. इतकेच म्हणालो की, जे येतील त्यांना आधीच कारण सांगून टाका. कारण ऐकून जे घर मागे फिरेल, ते आजारपणात तुमच्या मुलीशी कसे वागेल हे तुम्हांस फुकटात कळेल.

त्या मातेने आतून पेटी मागविली. टोप काढला, सुनेने तो नीट बसवून दिला, आणि पाचव्या दिवशी ती पहिल्या ओळीत बसली. मध्येच उकडू लागले तशी तिने तो काढून मांडीवर ठेवला आणि पदराने वारा घेत राहिली. कोणी वळून पाहिले नाही. निदान आम्ही तरी वचनावरून दृष्टी हलविली नाही.

प्रसादानंतर तिनेच मुलीला जवळ बसविले, शिवणाची टेप मागितली आणि वेणी मोजली. अकरा इंच भरली. "अजून दोन महिने तेल-पाणी नीट कर गं," ती म्हणाली, "मग बघू." मुलीची आई शेजारीच उभी होती. तिने टेप हातात घेऊन पुन्हा एकदा मोजले.

शरणु शरणार्थी.