सवलतीतला वाटा

बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या मागच्या गल्लीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका घराच्या गच्चीवर चीटी असते. वीस माणसं, प्रत्येकी पाच हजार, वीस महिने. शेजारणीच्या आग्रहाने मी तिच्यात शिरले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की ही आपल्या भिशीची कानडी बहीण. आपण भिशी ‘उचलतो’, इथेही चीटी ‘एत्तु’तात, म्हणजे उचलतातच. फरक पहिल्याच रविवारी कळला. इथे नंबर लागत नाही, हराजू होतो. आपला हर्रास तोच, फक्त उलट्या अंगाने. लाखातले सगळ्यांत जास्त रुपये सोडायला जो तयार असेल, त्याला त्या महिन्याची रक्कम मिळते. त्याने सोडलेले पैसे, चालवणाऱ्या अम्मांचे पाच टक्के वजा करून, सगळ्यांत वाटले जातात.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यातली गोष्ट. बोली रमतगमत चालली होती. कुणी आठ हजार म्हणालं, कुणी दहा. एका रिक्षावाल्या अण्णांनी ‘हदिनैदु’ म्हणजे पंधरा म्हटलं आणि चहाचा पेला उचलला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यातून आवाज आला, ‘इप्पत्तेंटु’. अठ्ठावीस. पंधरावरून एकदम अठ्ठावीस. क्षणभर कुणीच बोललं नाही. इतकी मोठी उडी कोण आणि का मारतं, हे गच्चीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. अम्मांनी ‘ओंदु, एरडु, मूरु’ केलं आणि वहीत लिहिलं.

ती बाई माझ्या ओळखीची होती. बेळगावकडची, ब्लाउज शिवते, आणि आमच्या मराठी बायकांच्या भिशीत तीन वर्षं आहे. तिने मला पाहिलं आणि नजर टाकीच्या नळावर नेली. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

हिशेब घरी येऊन केला. अठ्ठावीस हजारांतून अम्मांचे पाच हजार गेले, उरले तेवीस हजार. भागिले वीस, प्रत्येकी अकराशे पन्नास. म्हणजे त्या महिन्याचा माझा हप्ता पाच हजारांऐवजी तीन हजार आठशे पन्नास पडला. येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून मी दोन हात मोगरा घेतला होता, कारण पैसे वाचल्यासारखं वाटत होतं.

आणि खरं म्हणजे त्याच महिन्यात भिशीतला नंबर मला लागला होता. बाराजणी, पाच-पाच हजार, साठ हजार. मला गरज काहीच नव्हती. मी ते बँकेत ठेव म्हणून टाकले.

आठवड्याने ती जिन्यात भेटली. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, की घरमालकाने घर सोडायला सांगितलंय. बेंगळुरूत ज्यांनी भाड्याचं घर शोधलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दहा महिन्यांचं डिपॉझिट ही इथली जुनी रीत. केंद्राने २०२१ साली जो नमुना भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. इथल्या घरमालकाला ते सांगून पाहा. नव्या घराचं डिपॉझिट आधी मोजायचं, जुन्याचं मग मिळणार, आणि तेही रंगरंगोटीचे पैसे कापून. अकरा हजार भाडं, एक लाख दहा हजार डिपॉझिट. तिच्याकडे अडतीस होते. चीटीतून बहात्तर मिळाले.

‘अगं, भिशीत सांगायचंस ना,’ मी म्हटलं. ‘माझाच नंबर होता. बदलून घेतला असता. एक पैसा गेला नसता तुझा.’

‘तिथं सांगितलं असतं तर अकराजणींनी अकरा प्रश्न विचारले असते ओ ताई,’ ती म्हणाली. ‘इथं अठ्ठावीस हजार सोडले, कुणी काय विचारलं नाही बघा.’

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागलंय. हर्रासात गरज पैशाने सांगता येते आणि तोंड बंद ठेवता येतं. भिशीत पैसा जात नाही, पण तोंड उघडावं लागतं. माझी समजूत अशी होती, की भिशी ही सोज्वळ आणि चीटी ही सावकारीची चुलत बहीण. भिशीत व्याज नाही, दलाली नाही, चिठ्ठी निघेल तिचं नशीब, वर पोहे आणि गप्पा. पण नशिबाला कुणाची नड कळत नाही. आमच्याकडे एकदा पहिला नंबर लागलेल्या बाईने कानातले केले आणि शेवटचा नंबर जिचा आला तिच्या मुलाची कॉलेजची फी जूनमध्येच भरायची होती. तिने ती कशी भरली हे आम्ही कुणी विचारलं नाही. विचारलं नाही याला आम्ही इतकी वर्षं सभ्यपणा म्हणत आलो.

चिट फंडाचा १९८२चा केंद्रीय कायदा मी या निमित्ताने वाचायला घेतला आणि त्यात मला चांगलीच करमणूक सापडली. सरकारच्या संमतीशिवाय चिट चालवता येत नाही, आणि व्याख्या एवढी ऐसपैस, की अम्मांची गच्ची तीत सापडतेच. आमचा पोह्यांचा बेत तेवढा सुटतो, कारण तिथे सगळ्यांना पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते. मूळ कायद्यात सूट होती ती शंभर रुपयांपर्यंतच्या चिटला. (नोंदणी केलेल्याही पुष्कळ आहेत. कर्नाटक सरकारची एमएसआयएल ही कंपनी स्वतः चिट चालवते. तीच कंपनी शाळेच्या वह्याही विकते आणि दारूही.) हर्रासात किती रक्कम सोडता येईल याला कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेपर्यंत एकाहून जास्त माणसं पोचली तर काय करायचं? चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे दोन गरजा सारख्याच जिवावर बेतल्या, की कायदाही आमची भिशी चालवणाऱ्या काकूंसारखा चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घालतो.

पण मी थांबले ती २०१९च्या दुरुस्तीपाशी. त्या दुरुस्तीने चिटला ‘फ्रॅटर्निटी फंड’ हेही नाव घेण्याची मुभा दिली. बंधुभावाचा निधी. चालवणाऱ्याच्या कमिशनची कमाल मर्यादा त्याच दुरुस्तीने पाचाची सात टक्के केली, ते असो. तिसरा बदल फक्त शब्दांचा. आतापर्यंत कायद्यात ज्याला ‘डिव्हिडंड’ म्हणत, त्याला आता ‘सवलतीतला वाटा’ म्हणायचं. चिट फंडांविषयी लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून केलेला बदल. माझा मात्र समजच बदलला. डिव्हिडंड म्हटलं, की आपण काही कमावलं असं वाटतं. सवलतीतला वाटा म्हटलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. सवलत दिली कुणी?

ते अकराशे पन्नास तिला परत करावेत असंही एकदा मनात आलं. केले नाहीत. परत करायला गेले असते तर जे झाकायला तिने अठ्ठावीस हजार मोजले, तेच मी अकराशे पन्नासात उघडं केलं असतं.

बेंगळुरूपासून फार लांब नाही, तिथे गरज कशी सांगायची हे कोडं गरीब बायकांनी आपल्या परीने सोडवलं होतं. ‘मायराडा’ ही बेंगळुरूची संस्था, १९६८ची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कोलार जिल्ह्यातल्या कामसमुद्रम भागात तिच्या पुढाकाराने चाललेल्या सहकारी सोसायट्या फुटल्या. माणसांचा सोसायटीवर विश्वास उरला नव्हता, पण एकमेकांवर होता. छोट्या छोट्या टोळक्यांनी ते आपापसात बचत करू लागले, आपापसात कर्ज देऊ लागले. १९८७ साली नाबार्डने या कामासाठी मायराडाला दहा लाख रुपये दिले, आणि १९९२ साली देशात पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. आज गावोगावी दिसणाऱ्या बचत गटांची एक मुळी ही अशी कोलारात आहे. अशा गटात ना चिठ्ठी, ना बोली. बायका गोल बसतात. कुणाला किती हवेत आणि कशाला, हे सगळ्यांसमोर सांगायचं, आणि या वेळी कुणाला द्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. म्हैस की औषध, यावर भांडायचंसुद्धा.

त्यांना ते जमतं आणि आम्हाला का जमत नाही? मला वाटतं, जिथे सगळ्यांचीच चूल सारखी, तिथे मागताना मान खाली जात नाही. आमच्या भिशीत एकीचा नवरा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि एक ब्लाउज शिवते. हप्ता दोघींचा सारखा, म्हणून आम्ही धरून चाललो की दोघी सारख्या. पाच तारखेला मोबाइलवर ‘पाठवले’ असे बारा निरोप येतात, त्यांखाली गांधी बाजारात काय स्वस्त आहे आणि टँकरवाला या आठवड्यात किती मागतोय याची चर्चा होते, आणि मैत्री आहे हे सिद्ध होतं. ती आहेही. पण तिला एक जागा हळवी आहे, आणि नेमकी तिथेच आम्ही हात लावत नव्हतो.

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते. सगळ्या मुलांनी आपापल्या चिठ्ठीवर वर्गातल्या गरीब मुलीचंच नाव लिहिलं आणि बक्षिसाचे बूट तिला मिळाले. आमच्यातल्या एकीने सुचवलं, की आपणही असंच करू. मला ती गोष्ट आवडत नाही. तिच्यात सगळे मोठे होतात, आणि जिला बूट मिळाले तिला मात्र आयुष्यभर वाटतं की ते नशिबाने मिळाले. उद्या कळलं तर?

उपाय काढला काकूंनी. सत्तरी उलटलेल्या, निवृत्त शिक्षिका, पुरणपोळीच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवतात. मी त्यांना कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, की आपल्यात काहीजणींना मागता येत नाही. त्यांनी ठरवलं, की वर्षातले दोन महिने, मे आणि नोव्हेंबर, चिठ्ठी काढायची नाही. जिला हवे तिने सांगायचं. दोघींनी लगेच कुरकुर केली, की मग चिठ्ठ्या हव्यातच कशाला, भिशी आहे की पतपेढी. त्यातली एक अजून नाराज आहे, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. मागायची सवय एकदा लागली की जिचा आवाज मोठा तिचंच चालतं, हेही मी पाहिलंय.

मेमध्ये सगळ्या जमलो. पोहे झाले. कुणी बोलेना. तेव्हा काकू म्हणाल्या, ‘मला हवेत या महिन्यात.’

आम्ही बघतच राहिलो. काकूंना पेन्शन आहे, मुलगा परदेशात आहे.

‘सोफ्याला कापड घालायचंय. फाटलाय बघा.’ आणि त्यांनी उठून वरची चादर बाजूला करून दाखवलं. खरंच फाटला होता, नारळाचा काथ्या बाहेर आलेला. सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, मला पण चालतील, फ्रिज घ्यायचाय. जरा वेळाने ब्लाउज शिवणारी म्हणाली, ‘मलाही हवेत.’

फ्रिज आणि सोफा यांना कारणं होती. तिने कारण सांगितलं नाही. एकजण विचारणार होती, पण काकू वही उघडत म्हणाल्या, ‘सोफा थांबेल. फ्रिजचं काय?’ फ्रिजही थांबला.

परवा हप्ता द्यायला गेले होते. सोफ्यावर तीच सोलापुरी चादर होती. काकूंनी मला नेमकं काथ्या टोचतो त्या बाजूला बसवलं.