न केल्याचं पुण्य

आत्याच्या इंजेक्शनचं पहिलं बिल हातात आलं तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "भारतीय कंपनीचंही आहे, स्वस्त पडेल." आत्या लगेच म्हणाली, "तेच दे रे बाबा." स्वस्त म्हणजे इतकंच, की दोनऐवजी एकच पाटली मोडावी लागली.

मी बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी करतो. या औषधामागची पद्धत परीक्षेसाठी पाठ केलेली. ती शोधणाऱ्या माणसाबद्दल मात्र त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं.

सेझार मिलस्टाइन, जन्म 1927, अर्जेंटिना. त्यांच्या संस्थेच्या संचालकांवर राजकीय सूड उगवला जाऊ लागला, तेव्हा राजीनामा देऊन ते 1963 मध्ये केंब्रिजला परतले. तिथे फ्रेड सँगर यांच्या सुचवण्यावरून एन्झाइम सोडून अँटिबॉडीकडे वळले.

अडचण साधी होती. अँटिबॉडी बनवणारी पेशी एकच नेमकी अँटिबॉडी बनवते, पण शरीराबाहेर फार दिवस जगत नाही. कॅन्सरची पेशी वाढतच राहते, पण आपल्याला हवी ती अँटिबॉडी बनवत नाही. 1975 मध्ये मिलस्टाइन आणि तरुण जर्मन संशोधक जॉर्ज कोलर यांनी उंदराच्या अशा दोन पेशी एकत्र जुळवल्या. नवी पेशी हवी ती अँटिबॉडीही बनवत होती आणि वाढतही राहत होती. कॅन्सरवरच्या औषधाची वाट कॅन्सरच्याच पेशीतून निघाली. घरी वापरायच्या प्रेग्नन्सी किटपासून आत्याच्या इंजेक्शनपर्यंत खूप काही याच पद्धतीतून आलं. 1984 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पेटंट मात्र कधीच नव्हतं.

ही गोष्ट बऱ्याचदा त्यागाची म्हणून सांगितली जाते. मीही भारावलो होतो. मग तपशील वाचले. शोधाची कल्पना वरिष्ठांना दिलेली होती. ब्रिटनमध्ये पेटंटचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेला 1976 मध्ये त्यात लगेच करण्यासारखा उपयोग दिसला नाही. शोधनिबंध तोवर छापूनही झाला होता. म्हणजे पेटंट सोडलं नव्हतं, ते निसटलं होतं.

मग प्रश्न पडला: न केलेल्या गोष्टीचं पुण्य लागतं का? बस चुकली म्हणून चालत गेलेल्या माणसाला आपण पदयात्री म्हणत नाही.

मला वाटतं, मिलस्टाइन यांचं मोठेपण पेटंट नसण्यात नाहीच. ते पुढच्या कामात आहे. निबंध छापल्यावर जगभरातून पत्रं आली आणि ते त्या पेशी पाठवत राहिले. निबंध एकदाच छापायचा असतो. पेशी वाढवायच्या, जिवंत ठेवायच्या, कुपीत भरून पाठवायच्या, हे दर वेळी नव्याने ठरवून करावं लागतं.

त्याचा गैरफायदाही झाला म्हणा. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतल्या संशोधकांनी त्यांच्याकडून आलेल्या पेशी वापरून केलेल्या कामावर अमेरिकेत पेटंटं मिळवली. ब्रिटनमध्ये आरडाओरड झाली. फाटक उघडं ठेवलं की आधी धावणारा आत शिरतो, हा आक्षेप खोटा नाही. पद्धत मोकळी होती तरी ट्रास्टुझुमॅबवर हक्क होतेच. आमचं स्वस्त इंजेक्शन 2014 मध्ये बंगळूरच्या कंपनीने आणलं, तेव्हा मूळ शोधाला जवळपास चाळीस वर्षं झाली होती. एकाने दिलेलं शेवटच्या माणसापर्यंत आपोआप पोचत नाही. वाटेत प्रत्येकाला पुन्हा द्यावं लागतं.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय, तेही सांगतो. दुसऱ्या शहरातल्या एका विद्यार्थिनीने माझ्याकडे पेशींची एक कुपी मागितली आहे. माझा पेपर छापून झालाय. "मागणी केल्यास साहित्य मिळेल" असं त्यात मीच लिहिलंय. तिची मेल येऊन तीन आठवडे झाले. ती माझ्या पुढच्या प्रयोगाच्या आधी पोचेल, ही भीती. पद्धत छापली म्हणजे दिलंच की, असं मी स्वतःला सांगत होतो.

आत्याचा पुढचा डोस गुरुवारी आहे. त्याआधी कोरड्या बर्फाचा डबा मागवायचा आहे. कुरियरवाला सोमवारी येतो.