नेमून दिलेले अश्रू

१९७९ साली पडद्यावर आलेल्या ‘द चॅम्प’ या इंग्रजी चित्रपटाच्या अखेरीस मुष्टियोद्धा बाप प्राण सोडतो व त्याचा कोवळा मुलगा त्याला उठवू पाहतो. फ्रँको झेफिरेली यांनी दिग्दर्शित केलेला हा प्रसंग जेमतेम तीन मिनिटांचा. प्रेक्षकांना तो आठवत असो वा नसो, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनी त्याला विसरू दिलेले नाही. माणसाला दुःखी करून मग त्याची पारख करावयाची असली की हा तुकडा दाखवितात.

तो असा सहज हाती आला नाही. जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकन संशोधकांनी अडीचशेहून अधिक चित्रपट तपासले, त्यांतील ७८ तुकडे निवडून एकंदर ४९४ जणांवर आजमावले आणि १९९५ साली हसू, क्रोध, किळस, भय इत्यादी आठ मनःस्थितींसाठी प्रत्येकी दोन तुकडे मुक्रर केले. दुःखाच्या दोहोंत ‘द चॅम्प’ होता.

माणसाच्या भावना अशा हुकमी जागविणे उचित आहे काय? घाईने नाही म्हणण्यापूर्वी पूर्वीची रीत पाहावी. १९५३ साली अल्बर्ट अ‍ॅक्स यांनी आपल्या प्रयोगात लोकांना भय घातले ते खोटे सांगून: यंत्रात बिघाड झाला आहे, विजेचा जबर धक्का बसेल, अशी बतावणी केली. त्या मानाने चित्रपट प्रामाणिक म्हटला पाहिजे. समोर आहे ते नाटक, हे पाहणाऱ्यास ठाऊक असते आणि नको वाटल्यास त्याला मान फिरविता येते.

परंतु पडद्यावर नट नसतील तर? १९६० च्या दशकात रिचर्ड लाझारस व त्यांचे सहकारी ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या दीक्षाविधीचा एक मूकपट दाखवीत. त्यात धारदार दगडाने मुलांच्या गुह्यांगावर खरोखरीच छेद घेतला जातो. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी त्यास निरनिराळी निवेदने जोडली. एकात वेदनेवर भर. दुसऱ्यात मुले आनंदाने सामील होत असल्याचा निर्वाळा. तिसऱ्यात मानववंशशास्त्रज्ञाची थंड, अलिप्त भाषा. दुसऱ्या व तिसऱ्या निवेदनाने पाहणाऱ्यांचा क्षोभ कमी झाला. त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेवरून तो मोजला होता. विद्यार्थ्यांना अलिप्त भाषा अधिक मानवली, तर विमान कंपनीच्या अधिकाऱ्यांना ‘दुखतच नाही’ हा दिलासा. चित्रे तीच, मुलांचे रक्तही तेच. बोल तेवढे बदलले. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो आणि अस्वस्थही करतो. आपल्या यातना दूरदेशीच्या विद्यार्थ्यांची त्वचा मोजण्याच्या कामी येतील, याची त्या मुलांना काय कल्पना असणार!

दुःखी झालेला माणूस पुढे काय करतो, हेही पाहिले गेले आहे. २००८ सालच्या एका अभ्यासात सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर प्रभृतींनी काहींना ‘द चॅम्प’मधील तो मृत्यू दाखविला व स्वतःविषयी लिहावयास सांगितले, तर इतरांना समुद्रातील प्रवाळांचे दृश्य दाखविले. मग एक पाण्याची बाटली पुढे केली. दुःखी झालेल्यांनी तिला बरीच अधिक किंमत देऊ केली. विशेष हे की, चित्रपटाचा आपल्या निर्णयाशी संबंध आहे हे त्यांना पटेना.

संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात कार्थेजच्या नाट्यगृहांतील आपल्या तरुणपणीच्या अश्रूंचा झाडा घेतला आहे. रंगभूमीवरील दुःखिताला साहाय्य करावयास प्रेक्षकाला कोणी बोलावीत नाही, त्याने केवळ दुःख करावयाचे, ही त्यांची तक्रार. आम्ही शाळकरी वयात चित्रपटगृहात रडणाऱ्या मोठ्यांना हसत असू. त्यामागे एवढा विचार अर्थातच नव्हता. ऑगस्टिन यांना ते अश्रू वांझ वाटले. प्रयोगशाळा सांगते की ते वाया जात नाहीत, वाट काढतातच, आणि ती वाट रडणाऱ्याला दिसत नाही. बाप गमावलेल्या मुलासाठी दाटलेला कंठ बाटलीच्या किमतीत उतरतो.

प्रयोग संपल्यावर पुष्कळ संशोधक सहभागी व्यक्तीला सारा हेतू समजावून सांगतात. काही ठिकाणी तिचे मन ताळ्यावर यावे म्हणून एखादा हसरा तुकडाही दाखवितात. चित्रपटगृहाच्या दाराशी असे कोणी उभे नसते.