चाळिशी की पन्नाशी?

स्त्रियांनी स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, कोणत्या वयापासून आणि किती वर्षांच्या अंतराने करून घ्यावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे. त्यात धर्मगुरूने का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. हरकत रास्त आहे. परंतु या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. यंत्राला काय दिसते, हे शास्त्र सांगते. जे दिसेल त्यासाठी कोणी किती सोसावे, आणि हे कोणी ठरवावे, हे शास्त्र सांगू शकत नाही. आमचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. जिच्या हाताला गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले वा कातडी आत ओढली गेली, तिच्यासाठी वयाचा हिशेब नाही. तिने आजच दवाखाना गाठावा. वाद आहे तो काहीही त्रास नसलेल्या, धडधाकट स्त्रीला तपासणीस बोलावण्याविषयी.

या वादात शहाणी राष्ट्रेही एकमताची नाहीत. ब्रिटनमध्ये सरकार पन्नास ते एकाहत्तर वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी बोलावते. अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञमंडळाने २००९ साली पन्नाशीपासून दर दोन वर्षांनी तपासणी सुचविली, तेव्हा तेथे मोठा गदारोळ झाला. २०२४ साली त्याच मंडळाने प्रारंभाचे वय चाळीसवर आणले. तिथल्याच कर्करोग संस्थेचा सल्ला मात्र पंचेचाळीसपासून दरवर्षी आणि पंचावन्ननंतर वर्षाआड, असा आहे. स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय मंडळाने तर २०१४ साली असे नवे कार्यक्रम सुरूच करू नयेत, असे म्हटले. मतभेद पुराव्यात आहे तसाच तो तराजूतही आहे. एका पारड्यात टळलेला मृत्यू आणि दुसऱ्यात नाहक झालेली शस्त्रक्रिया ठेवली, तर कोणते पारडे किती खाली जावे, हे कोणत्याही यंत्रावर उमटत नाही.

नाहक शस्त्रक्रिया हा शब्द आम्ही जाणून वापरला. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्यांचा त्या बाईला जन्मभर उपद्रव झाला नसता. त्या सापडल्या की मात्र कापाव्या लागतात, कारण निरुपद्रवी गाठ कोणती आणि घातक कोणती, हे आधी ओळखण्याची खात्रीची रीत आज नाही. ब्रिटनमधील स्वतंत्र समितीने २०१२ साली मांडलेला हिशेब असा: पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षे तपासणीस बोलावले, तर सुमारे ४३ जणींचा स्तनाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू टळतो, आणि सुमारे १२९ जणींवर एरवी कधीच न जाणवलेल्या रोगासाठी उपचार होतात. त्रेचाळीस घरांतली आई वाचली, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या एकशे एकोणतीस जणींना आपण त्यांतल्या आहोत हे कधीच कळत नाही. उलट, तपासणीने आपला जीव वाचला, असे त्या आयुष्यभर सांगत राहतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तो दिसू नये, अशी परिस्थिती नीतिशास्त्रात विरळा.

आमच्या मराठवाड्याला तर भीतीने केलेल्या शस्त्रक्रियांचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांविषयी २०१९ साली राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी सांगितले की, डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली होती. मुखेड तालुक्यातूनही कोयता घेऊन टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात. अशा मुलखात ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारणाऱ्याने तो तोलूनमापून उच्चारावा.

म्हणून काहीच करू नये काय? तसेही नाही. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावतात. आपल्याकडे तो पाश्चात्य देशांच्या मानाने सरासरी दहा वर्षे आधी गाठतो, आणि तरुण वयात स्तनाचा पोत दाट असल्याने मॅमोग्राफीला त्यातले नीट दिसत नाही. त्यामुळे तिकडचे वय व अंतर उचलून इकडे लावणे हा निव्वळ आळस आहे.

याचे उत्तर आपल्याच राज्यात शोधण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांतील पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. यंत्र नव्हते, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांचे हात होते. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत त्यांनी स्तन तपासले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही, आणि सर्व वयांचा एकत्रित फरकही निर्णायक ठरला नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच हाताने करावयाची तपासणी सांगितली आहे. मॅमोग्राफी सरसकट सांगितलेली नाही. हा केवळ गरिबीचा तडजोडीचा मार्ग आहे, असे आम्ही मानत नाही.

येथे आमच्या नीतिपरंपरेतला एक जुना भेद उपयोगी पडतो. जीव राखण्यासाठी सामान्य साधने वापरण्यास मनुष्य बांधील आहे, असामान्य साधनांस नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले की, सामान्य काय हे व्यक्ती, स्थळ व काळ यांच्या परिस्थितीवरून ठरते. शहरातल्या नोकरदार बाईला वर्षाआडची मॅमोग्राफी सामान्य असेल. मुखेडच्या शेतमजूर बाईला तिच्यापायी दिवसाचा रोज बुडवून नांदेड वा लातूर गाठावे लागते, आणि सावली दिसली की पुन्हा सोनोग्राफी, सुईची तपासणी, सोबतीला माणूस, दोघांचे गाडीभाडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होऊ शकतात. बुडालेला रोज कोणी भरून देत नाही.

मध्यंतरी एका शिबिराची सूचना वाचून दाखवण्यासाठी आमच्याकडे आली. ‘चाळिशीपुढील प्रत्येक भगिनीने दरवर्षी मॅमोग्राफी केलीच पाहिजे’, असे तीत होते. ‘करता येईल’ असे असते तर आम्ही आनंदाने वाचली असती. वेदीवरून उच्चारलेला ‘च’ बाया पापाशी जोडतात. शिवाय सावली दिसलेल्या बाईला पुढे कोण नेणार, यावर त्या कागदात अक्षर नव्हते. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर यांनी अशा तपासण्यांच्या ज्या कसोट्या लिहिल्या, त्यांत निदान व उपचारांची सोय असणे ही एक आहे. उपचाराची वाट न दाखवता रोग तेवढा दाखवणे याला आम्ही सेवा म्हणणार नाही.

मग आमचे मत काय? आई वा बहिणीला हा रोग झाला असेल, तर तिने लवकर डॉक्टरांना विचारून वय व अंतर ठरवावे. इतरांनी तिशीनंतर आरोग्यकेंद्रात हाताची तपासणी करून घ्यावी. पन्नाशीनंतर, पुढच्या उपचारांची तजवीज असेल तर, दर दोन-तीन वर्षांनी मॅमोग्राफी करणे समंजसपणाचे आहे. मात्र लाभ व हानी दोन्ही ऐकून एखादी नको म्हणाली, तर तिने कोणत्याही आज्ञेचा भंग केलेला नाही.

अडचण अशी की, ‘नको’ हे उत्तर पुष्कळदा तिचे नसतेच. ते सासूचे असते, नवऱ्याचे असते, सोयाबीनच्या काढणीचे असते. एका वयस्क बाईंना गाठ लागून सहा महिने झाले होते. आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दुखत न्हाई फादर, मग दाखवायचं कशाला? अन् घरात सांगू कुणाला?” न दुखणारी गाठच अधिक संशयाची, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र कोणत्याही शिबिरापेक्षा जुना आहे, आणि तो त्यांच्या दोन्ही मुलांनी ऐकायला हवा होता.